आजोबा, ब्राइटनेस वाढवा!

पूर्वी निवृत्तीच्या समारंभात घड्याळ देत. ज्या दिवसापासून माणसाला कुठेही वेळेवर पोहोचायचं नसतं, नेमक्या त्याच दिवशी त्याच्या हातात घड्याळ ठेवण्यामागे कचेरीचा काय विचार असे ते कचेरीलाच ठाऊक. पण ते एचएमटीचं घड्याळ निदान दिसायचं. पांढरी तबकडी, काळे काटे, रोज सकाळी किल्ली दिली की विषय संपला. आता घड्याळ मिळतं ते पंचाहत्तरीला, आणि देतो नातू किंवा न्यू जर्सीहून सुट्टीवर आलेली मुलगी. हे घड्याळ पावलं मोजतं, नाडी मोजतं, झोप मोजतं, फार वेळ बसून राहिलं तर उभं राहायला सांगतं. वेळही दाखवतं. फक्त आजोबांना ती दिसत नाही.

"दिसत नाही" असं आजोबांनी म्हटल्याबरोबर घरातले सगळे नेत्रतज्ज्ञ होतात. निदान एकच असतं, उपायही एकच.

"आजोबा, ब्राइटनेस वाढवा ना."

"कुठून वाढवू?"

"वरून खाली बोट ओढा. मग तो छोटा सूर्य दिसतो बघा, तो दाबा."

"सूर्य दिसत असता तर वाढवायला कशाला आलो असतो, बाळा?"

या प्रश्नाला नातवाकडे उत्तर नाही, आणि घड्याळ बनवणाऱ्या बहुतेकांकडेही नाही. पडदा अंधूक आहे म्हणून उजेड वाढवायचा, आणि उजेड वाढवायची खूण त्याच अंधूक पडद्यावर, साबुदाण्याच्या दाण्याएवढी. ती सापडली तर पुढे पट्टी येते. पट्टीवर बोट ठेवलं की बोटाखाली पट्टी झाकली जाते. बोट उचलून पाहावं, तर तेवढ्यात पडदा विझतो, कारण घड्याळाला वाटतं की आजोबांचं काम झालं.

नंतर नातू स्वतः घड्याळ हातात घेऊन तीन सेकंदांत पट्टी टोकाला नेतो आणि "झालं!" म्हणून परत देतो. आजोबा पाहतात. आता घड्याळ लख्ख उजळलेलं आहे आणि आकडे अजूनही दिसत नाहीत.

इथे थोडं दुकानात डोकवायला हवं. अलीकडे स्मार्टवॉचच्या खोक्यावर ठळक अक्षरांत निट छापलेले असतात. निट हे पडद्याच्या उजळपणाचं माप. एक चौरस मीटरचा पृष्ठभाग एका मेणबत्तीएवढा उजेड समोर टाकत असेल तर तो एक निट. २०१६ साली अॅपलने आपलं सिरीज १ घड्याळ ४५० निटचं ठेवलं आणि त्याच वर्षीचं सिरीज २ हजार निटचं केलं. २०२२ साली अल्ट्रा आलं ते दोन हजारांचं, वर्षभरात अल्ट्रा २ आलं ते तीन हजारांचं. सॅमसंगनंही २०२४ मध्ये तीन हजार गाठले. भारतीय कंपन्यांनी दोन-तीन हजार रुपयांच्या घड्याळांवरही निटचे आकडे झळकवले. काउंटरमागचा तरुण "तीन हजार निट, काका!" असं अशा सुरात सांगतो की काकांना मनगटावर तीन हजार मेणबत्त्या पेटल्याचा भास व्हावा. मात्र घड्याळाचा पडदा चौरस मीटरचा नसतो, मोठ्यात मोठा म्हणजे बारा चौरस सेंटिमीटरच्या आसपास. हिशेब केला तर एकूण उजेड साडेतीन मेणबत्त्यांचा भरतो. वाढदिवसाच्या केकवर याहून जास्त असतात, निदान पंचाहत्तरीच्या.

शिवाय डोळा हा मोठा कंजूष हिशेबनीस आहे. एस. एस. स्टीव्हन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं गेल्या शतकात मोजून दाखवलं होतं की काळोखात पाहिलेला छोटा प्रकाशपट्टा दुप्पट उजळ भासायला त्याचा उजेड सुमारे आठपट करावा लागतो. त्या मापानं हजाराचे तीन हजार निट केले तर डोळ्याच्या खात्यावर जेमतेम दीडपट जमा होते. बाकीचे निट खोक्यावरच राहतात.

आणि ते तीन हजारही रोजच्या वापराचे नव्हेत. घड्याळाच्या काचेखाली प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो; त्याला कडक ऊन जाणवलं तरच पडदा शिखरावर चढतो. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पट्टी कितीही ओढली तरी ते शिखर दिसत नाही. म्हणजे ज्या आकड्यासाठी पैसे मोजले तो पाहायला घड्याळ उन्हात न्यावं लागतं, आणि काउंटरवरचा तरुण "काका, डेमो पीस बाहेर नेता येत नाही" म्हणतो.

हे सेन्सरचं प्रकरण नवं आहे असं मात्र कोणी समजू नये. १९७२ साली अमेरिकेत हॅमिल्टन कंपनीनं पल्सर नावाचं पहिलं डिजिटल मनगटी घड्याळ बाजारात आणलं. अठरा कॅरट सोनं, लाल एलईडी आकडे, किंमत २१०० डॉलर. सभोवतीचा उजेड ओळखून आकड्यांचा उजळपणा कमीजास्त करण्याची सोय त्या पहिल्याच घड्याळात होती. अडचण एवढीच की हे आकडे बॅटरी इतक्या वेगानं पीत, की ते कायम पेटते ठेवणं परवडत नसे. वेळ पाहायची तर दुसऱ्या हातानं बटण दाबावं लागे. २१०० डॉलर देऊन माणसाला वेळ बघायला दोन हात लागू लागले, आणि तरीही त्याला प्रगती म्हटलं गेलं. पुढच्याच वर्षी रॉजर मूरचा जेम्स बाँड पल्सर घालून पडद्यावर आला, तेव्हा तर प्रश्नच मिटला.

आता उन्हाकडे वळू, कारण निटची खरी गरज तिथेच आहे आणि खरी गंमतही तिथेच.

मे महिन्यातली दुपार, वरती स्वच्छ आकाश. आकाशाचा स्वतःचा उजळपणा काही हजार निट असतो. साध्या काचेच्या पृष्ठभागावरून साधारण चार टक्के प्रकाश परत फिरतो. आकाश आठ हजार निटचं धरलं, तर काचेवरून सव्वातीनशे निट डोळ्यात परत येतात, पडदा बंद असला तरी. म्हणजे ज्याला आपण काळी पार्श्वभूमी म्हणतो ती आता सव्वातीनशे निटची राखाडी झाली. तिच्यावर घड्याळानं सहाशे निटचे पांढरे आकडे काढले तर आकडे आणि पार्श्वभूमी यांचं प्रमाण होतं तीनास एकपेक्षाही थोडं कमी. वेबपानं सगळ्यांना वाचता यावीत म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनं २००८ साली जे नियम घालून दिले, त्यांत साध्या मजकुरासाठी हे प्रमाण किमान साडेचारास एक हवं असं म्हटलं आहे. जास्त कडक पातळी सातास एकची. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. साडेचार हा हिशेब साधारण ६/१२ नजरेचा माणूस डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे आणि सात हा ६/२४ नजरेचा. म्हणजे दुपारच्या उन्हात आपल्या आजोबांना, आणि खरं म्हणजे नातवालाही, घड्याळ किमान नियमाच्याही खालचा मजकूर दाखवत असतं. तीन हजार निट असतील तर हेच प्रमाण दहास एकपर्यंत जातं. तेव्हा काउंटरवरचा तरुण अगदीच खोटं बोलत नव्हता, हे न्यायानं सांगायला हवं.

पण या गणितात दुसरी बाजूही आहे. आकड्यांचा उजेड वाढवण्याऐवजी काचेवर पडणारा उजेड कमी केला तरी प्रमाण तितकंच सुधारतं, आणि त्याला बॅटरी लागत नाही. शेताच्या बांधावर उभा असलेला माणूस लांबची एसटी पाहताना कपाळावर आडवा हात धरतो ते हेच. आजोबांनाही ते शाळेत न जाता येतं. ते उन्हात घड्याळावर तळव्याचं छप्पर धरतात.

आणि घड्याळ विझतं.

कारण तळहातानं पडदा झाकला की घड्याळानं झोपायचं, अशी सोय अनेक कंपन्यांनी मोठ्या कौतुकानं केली आहे. सभेत घड्याळ वाजलं, पटकन झाकलं, गप्प झालं. अभियंत्यांना उन्हातला आजोबा आठवला नाही, सभेतला साहेब आठवला. हात थोडा वर धरला तर पडदा झोपत नाही, पण सेन्सरवर सावली पडते. त्याला वाटतं आपण घरात आलो, म्हणून तो पडदा मंद करतो. आजोबा हात काढतात, घड्याळ उजळतं, ऊन पडतं, दिसत नाही. पुन्हा हात धरतात, सावली येते, घड्याळ मंदावतं, दिसत नाही. बसस्टॉपवर हे चालू असताना शेजारचा माणूस त्यांना नमस्कार करतो, कारण त्याला वाटतं आजोबा त्यालाच हात हलवताहेत. (उपाय आहे. सावली हाताची न धरता अंगाची धरावी, म्हणजे उन्हाकडे पाठ करून घड्याळ छातीजवळ आणावं. काळा सदरा असेल तर आणखी उत्तम, कारण मग काचेत आकाशाऐवजी सदरा दिसतो.)

रंगीत पडद्यांच्या या शर्यतीत एक गरीब नातेवाईक मागे पडला. पेबलचं घड्याळ २०१३ साली आलं, त्याचा कागदासारखा पडदा बाहेरचाच उजेड परत फेकायचा. जितकं ऊन जास्त तितका तो स्वच्छ दिसे. गार्मिनच्या अनेक घड्याळांतही हाच प्रकार होता. रंग फिके, चित्रं ओबडधोबड, त्यामुळे दुकानाच्या काचेआड ती बिचारी पाणी मारलेल्या फडक्यासारखी दिसत आणि चटकन कुणाच्या नजरेत भरत नसत. दुकानात ऊन नसतं, हा त्यांचा दोष.

उन्हाचं झालं. घरातली गोष्ट मात्र उलटी असू शकते, आणि "ब्राइटनेस वाढवा" या एककलमी सल्ल्याची खरी फजिती तिथे होते. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली आखडते आणि भिंग पिवळं होतं. साठीच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोहोचतो. त्यामुळे उजेड वाढवणं बरोबर, असं कुणीही म्हणेल. पण आजीला मोतीबिंदू आहे. भारतात पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये २०१५ ते २०१९ या काळात जी राष्ट्रीय पाहणी झाली, तीत अंधत्वाच्या कारणांमध्ये मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के निघाला. तेव्हा आजी काही अपवाद नव्हे. मोतीबिंदूच्या गढूळ भिंगात शिरलेला उजेड नीट पुढे जात नाही, आतल्या आत पसरतो. पडदा जितका झगझगीत, तितकं आतलं धुकं दाट. भिंगाच्या मागच्या बाजूला मधोमध डाग असेल तर आणखीच पंचाईत; उजेड वाढला की बाहुली लहान होते आणि नेमकी डागापुरतीच उघडी राहते. समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्यांनी आजी ज्या कारणासाठी डोळे मिटते, त्याच कारणासाठी ती नातवानं उजळवलेल्या घड्याळाकडे बघून डोळे मिटते.

शेजारच्या फ्लॅटमधल्या काकांना रातांधळेपणाचा आनुवंशिक विकार आहे, रेटिनायटिस पिगमेंटोझा. त्यांना अंधारात दिसत नाही आणि उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा लवकर रुळत नाही. निरोगी डोळ्यालाही अंधाराला पुरतं सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. मध्यरात्री वेळ पाहिली की मनगटावरून भपका येतो, मग काका बाथरूमपर्यंत भिंत चाचपत जातात. त्यांना हवे आहेत कमी निट. याचा विचार फार उशिरा झाला. २०२३ साली अॅपलनं आपला पडदा एक निटपर्यंत खाली येतो असं सांगितलं, पण जाहिरातीत मोठा टाईप तीन हजारांनाच मिळाला. अल्ट्राच्या एका चेहऱ्यात, म्हणजे पडद्यावरच्या तबकडीत, रात्री सगळे आकडे लाल करायची सोय आहे, कारण अंधारात काम करणाऱ्या पेशींना लाल रंग फारसा जाणवत नाही. जाहिरातीत तिला शोभतो तो तंबूतला गिर्यारोहक. रात्री तीनदा उठणारा काका जाहिरातीत शोभत नाही, एवढाच त्याचा अपराध.

तर एकाच मजल्यावर तीन घड्याळं आणि तिघांना तीन वेगळे उजेड हवेत. वर्णहीनता असलेल्या माणसाला तर घरातला साधा दिवाही बोचतो. डोळ्याच्या मधल्या भागाची झीज झालेल्याला भरपूर उजेड लागतो, पण सरळ समोर बघून नव्हे, कडेनं. काचबिंदू आणि मधुमेह यांत राखाडीवरचं करडं ओळखू येईनासं होतं, मग ते कितीही उजळ केलं तरी उजळ राखाडीवरचं उजळ करडंच राहतं.

अशा वेळी पट्टी सोडून आकड्यांच्या मापाकडे बघितलं तर पुष्कळ काम होतं. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात अल्पदृष्टीची एक व्याख्या आहे: चष्मा लावूनही बऱ्या डोळ्याची नजर ६/१८ च्या पुढे न जाणं, पार ३/६० पर्यंत. ६/६० नजरेच्या माणसाला चाळीस सेंटिमीटरवरून अक्षर ओळखायला ते सुमारे सहा मिलिमीटर उंच लागतं. घड्याळाचा पडदा तीन-चार सेंटिमीटरचा. म्हणजे दोन ओळींत तास आणि मिनिटं लिहिली तर आकडे चांगले दीड सेंटिमीटरचे बसतात आणि कायद्यानं अल्पदृष्टी ठरलेल्या बहुतेकांना ते वाचता येतील. काळ्यावर पांढरे ठेवले तर बॅटरीही वाचते, कारण यांतल्या बहुतेक रंगीत पडद्यांत काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. अॅपलच्या घड्याळात असा एक्स-लार्ज चेहरा पहिल्यापासून आहे. पण घड्याळ भेट देताना कोणी तो लावून देत नाही. नातू लावतो तो दिखाऊ चेहरा: मध्ये काटे, कोपऱ्यात तापमान, दुसऱ्या कोपऱ्यात पावलं, तिसऱ्यात न्यू जर्सीची वेळ, आणि तारीख दोन मिलिमीटरची, करड्या रंगात. आजोबांनी मराठीत आकडे मागितले तर काही चेहऱ्यांत देवनागरी आकड्यांचीही सोय आहे. फक्त लहान मापात १ आणि ९ हे जुळे भाऊ होऊन बसतात, आणि आजोबा नऊच्या बातम्यांना एक वाजता टीव्ही लावतात.

या सगळ्यात सर्वांत चीड आणणारी गोष्ट वेगळीच आहे. अॅपलच्या घड्याळात पडलेल्या माणसाला ओळखून मदत बोलावायची सोय २०१८ पासून आहे. घड्याळ सुरू करताना वय ५५ किंवा त्याहून जास्त भरलं असेल, तर ही सोय आपोआप चालू होते. म्हणजे घड्याळाला वय ठाऊक असतं. या वयाचा माणूस पडेल, हे त्याला सुचतं. या वयाच्या माणसाला अक्षरं मोठी लागतील, हे सुचत नाही. ती आपणच मागावी लागतात. आधी वाचता आलं असतं तर कदाचित पडलाही नसता.

जुन्या लोकांना या बाबतीत जास्त अक्कल होती असं म्हणायचा मोह होतो, आणि इथे तो थोडा खराही आहे. टायमेक्सनं १९९२ साली इंडिग्लो नावाचा दिवा घड्याळात घातला: बाजूची किल्ली दाबली की अख्खी तबकडी निळसर उजळते. किल्ली बोटाला सापडते, त्यासाठी काहीही बघावं लागत नाही. १९९३ साली न्यू यॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये पहिला बाँबस्फोट झाला तेव्हा वीज गेलेल्या जिन्यातून एका माणसानं याच दिव्याच्या उजेडात इतरांना खाली आणल्याचं त्या वेळी छापून आलं होतं. त्याला जर आधी छोटा सूर्य शोधावा लागला असता तर ते सगळे अजून जिन्यातच असते. त्याहून साधी युक्ती ब्रेल घड्याळाची. एचएमटीनंही अशी घड्याळं काढली होती: काच बिजागरीवर उघडायची, तबकडीवरचे उठावाचे ठिपके आणि काटे बोटानं चाचपायचे. शून्य निट.

अलीकडचं या घराण्यातलं नाव म्हणजे ब्रॅडली. २०१३ साली आलेल्या या घड्याळात काट्यांच्या जागी दोन छोट्या पोलादी गोळ्या खाचांतून फिरतात, चुंबकाच्या ओढीनं. नाव दिलं ब्रॅड स्नायडरचं. हा अमेरिकन नौदल अधिकारी २०११ मध्ये अफगाणिस्तानात स्फोटात दृष्टी गमावून बसला आणि वर्षभरात लंडनच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आला. घड्याळ सुचलं त्याची हकिगत जास्त ओळखीची वाटते. एमआयटीत ह्युंगसू किम या विद्यार्थ्याशेजारी बसणारा दृष्टिहीन मित्र वर्गात त्याला सारखी वेळ विचारी. मित्राकडे बोलणारं घड्याळ होतं, पण ते वर्गात बटण दाबल्यावर सगळ्यांना वेळ सांगे. आणि तास संपायला अजून चाळीस मिनिटं आहेत ही माहिती जाहीररीत्या ऐकणं कोणत्याही प्राध्यापकाला आवडत नाही.

स्मार्टवॉचनंही हा धडा घेतला आहे, फक्त आपल्या पद्धतीनं. अॅपलच्या घड्याळात वेळ मनगटावर थापट्यांनी सांगायची सोय आहे. दहा तासांना एक लांब थाप, उरलेल्या प्रत्येक तासाला एक आखूड, दहा मिनिटांना लांब, उरलेल्या मिनिटांना आखूड. नऊ वाजून एकोणपन्नास मिनिटं झाली असतील तर नऊ आखूड, चार लांब, पुन्हा नऊ आखूड, एकूण बावीस. जेवताना कुणी मध्येच "भात वाढू का?" म्हणून विचारलं की मोजणी चुकते आणि पहिल्यापासून थापा घ्याव्या लागतात, तोवर नऊ पन्नास झालेले असतात. घाईच्या लोकांसाठी संक्षिप्त पद्धत आहे, ती फक्त पाव तासापर्यंत सांगते, आणि खरं तर निवृत्त माणसाला त्याहून बारीक वेळेची गरजही नसते. तिसरी पद्धत मोर्स कोडची. देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, त्यामुळे ही पद्धत कोणाच्या उपयोगाची असा प्रश्न पडेल. पण चाळीत, वाड्यात, सोसायटीत अजून एखादे जुने तारबाबू असतात. त्यांच्या मनगटावर कट्ट-कडकट्ट झालं की ते डोळेही न उघडता वेळ सांगतात, आणि कॅलिफोर्नियातला अभियंता टिंबं जरा घाईनं मारतो अशी तक्रारही करतात.